लिंक्ड लिस्ट नेमकी कशी समजून घ्यावी? (सविस्तर धागा)

पांदणवाट (धागाकर्ता)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात राहतो. गावातील सात-आठ मुले-मुली तालुक्याच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकतात आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या खोलीत माझ्याकडे अभ्यासाला बसतात. सी भाषेतील लूप, फंक्शन आणि ॲरे येथपर्यंत त्यांची गाडी व्यवस्थित येते. लिंक्ड लिस्टचे प्रकरण उघडले की मात्र ती हमखास अडते. "प्रत्येक नोडमध्ये माहिती आणि पुढील नोडचा पत्ता असतो" ही व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ आहे, परीक्षेत ती लिहून गुणही मिळतात, पण कोरा कागद पुढे ठेवून "वीस आणि चाळीस यांच्यामध्ये तीस घालून दाखवा" म्हटले की पेन थबकतो. मी हा विषय ज्या रीतीने मांडत आलो आहे ती येथे लिहितो. जाणकारांनी त्यातील चुका दाखवाव्यात आणि शिकणाऱ्यांनी आपण कोठे अडतो ते सांगावे, एवढ्यासाठी हा धागा.

सुरुवात मी ॲरेपासूनच करतो, कारण लिंक्ड लिस्टची गरज ॲरेच्या अडचणीतून उभी राहते. संत्र्याची बाग डोळ्यांपुढे आणा. दोन झाडांत १८ फुटांचे अंतर ठेवून एका सरळ ओळीत झाडे लावलेली आहेत. पहिले झाड कोठे आहे हे माहीत असेल, तर सत्ताविसावे झाड तेथून २६ गुणिले १८, म्हणजे ४६८ फुटांवर असणार, हे घरी बसूनही सांगता येते. ॲरे असाच असतो. पहिल्या घराचा पत्ता १००० असेल आणि प्रत्येक पूर्णांक ४ बाइट घेत असेल, तर सत्ताविसाव्या घराचा पत्ता ११०४ येतो. संगणक एक गुणाकार आणि एक बेरीज करून थेट तेथे पोहोचतो. आता या ओळीत पाचव्या आणि सहाव्या झाडांच्या मध्ये एक नवे झाड हवे आहे आणि अंतर तर १८ फूटच राहिले पाहिजे, असे कोणी म्हणाले तर काय करावे लागेल? सहाव्यापासून शेवटपर्यंतचे प्रत्येक झाड उपटून एक घर पुढे लावावे लागेल, आणि ओळीच्या टोकाला धुरा, म्हणजे बांध, आला असेल तर पूर्ण बागच दुसऱ्या मोठ्या वावरात हलवावी लागेल.

लिंक्ड लिस्टसाठी मी मुलांना जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात नेतो. मागच्या हंगामात वडिलांसोबत कापूस घेऊन मी स्वतः तेथे गेलो होतो. आवारात सरळ रांग लावण्याइतकी जागा नव्हती. कोणाचा ट्रॅक्टर बाभळीखाली, कोणाचा टेम्पो फाटकाबाहेर, दोन बैलगाड्या पार हौदापाशी. वडिलांनी आत शिरताच मोठ्याने विचारले, "शेवटचा नंबर कोनाचा हाय जी?" निळ्या टेम्पोजवळ बिडी ओढत बसलेल्या एका काकांनी हात वर केला. वडील म्हणाले, "मंग तुमच्या मांगं मी." एवढे बोलून आम्ही आमची गाडी निवांत कडुनिंबाच्या सावलीत नेऊन उभी केली. दुपारी ऊन फिरल्यावर ती तेथूनही हलवली, तरी आमचा नंबर हलला नाही.

मला मुलांच्या मनावर ठसवायची असते ती गोष्ट हीच. वाहने कोठे उभी आहेत यावर क्रम अवलंबून नाही. कोणाच्या पुढे कोण आहे हे ज्याने त्याने लक्षात ठेवले आहे, त्यात क्रम साठवलेला आहे. ॲरेमध्ये क्रम जागेत असतो, लिंक्ड लिस्टमध्ये तो प्रत्येकाच्या जवळच्या खुणेत असतो. मेमरीत १० हा आकडा ५००० या पत्त्यावर, २० हा ७२३२ वर आणि ४० हा ५०९६ वर, असे कोठेही विखुरलेले असू शकतात. १० च्या नोडमध्ये ७२३२ लिहिलेले आहे, २० च्या नोडमध्ये ५०९६ लिहिलेले आहे, आणि ४० च्या नोडमध्ये नल, म्हणजे येथून पुढे कोणी नाही. आपल्या हाती फक्त ५००० एवढाच पत्ता असतो. त्याला हेड म्हणतात, आणि तो हरवला तर सारे नोड मेमरीत असूनही आपल्याला कायमचे परके होतात.

मध्ये ३० घालायचा असेल तर एकही नोड हलवावा लागत नाही, फक्त दोन पत्ते लिहावे लागतात:

नवा.पुढचा = चालू.पुढचा
चालू.पुढचा = नवा

येथे "चालू" म्हणजे २० चा नोड. काढून टाकणेही तसेच आहे. त्या दिवशी आमच्या पुढच्या निळ्या टेम्पोवाल्या काकांना घरून निरोप आला आणि ते परत निघाले. जाताना वडिलांना सांगून गेले, "आता तुमी त्या लाल ट्रॅक्टरच्या मांगं." एक खूण बदलली आणि काका यादीतून वजा झाले.

या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. आवारात सत्ताविसावा कोण, हे कोणालाच थेट सांगता येत नाही. एकाला विचारायचे, त्याने दाखवलेल्याकडे जायचे, त्याला विचारायचे, असे करत मोजावे लागते. यादीत हजार नोड असतील तर शेवटच्यापर्यंत जाण्यास हजार पावले पडतात.

निंबोणी

मी मूळची वाशीम जिल्ह्यातील असून गेली नऊ वर्षे पुण्यात सी भाषेतच काम करते. आपले जिनिंगचे उदाहरण मला फार भावले, आणि म्हणूनच त्यातील एक गफलत आताच दाखवते, कारण ती मुलांच्या मनात राहिली तर पुढे त्रास देईल.

आपल्या आवारात प्रत्येकाच्या लक्षात कोण आहे? त्याच्या पुढचा, म्हणजे त्याच्या आधी आलेला. म्हणजे सगळे बाण शेवटच्या माणसाकडून पहिल्या माणसाकडे जातात. नवा माणूस शेवटच्याला शोधतो, त्याच्याकडे बाण करतो आणि स्वतः शेवटचा होतो. लिंक्ड लिस्टच्या भाषेत हे हेडपाशी नवा नोड जोडणे झाले. या साखळीत आपल्या हाती असलेला हेड म्हणजे सर्वांत उशिरा आलेला माणूस. हेडपासून एकेकाला काट्यावर घेत गेलो, तर शेवटी आलेल्याचा कापूस सर्वांत आधी मोजला जाईल आणि आवारात भांडण उभे राहील. ही रचना स्टॅकची आहे. रांग, म्हणजे क्यू, हवी असेल तर बाण उलटे हवेत: प्रत्येकाला आपल्या नंतरचा कोण हे माहीत असले पाहिजे, पहिला कोण आणि शेवटचा कोण हे दोन्ही पत्ते वेगळे जपून ठेवले पाहिजेत.

या गोंधळाचे मूळ मला आपल्या भाषेतील "पुढचा" या शब्दात दिसते. रांगेत उभे असताना "माझ्या पुढचा" म्हणजे माझ्या आधीचा, आणि "पुढचा नंबर बोलवा" म्हटले की तोच शब्द माझ्या नंतरचा असा अर्थ देतो. मुले पुस्तकातील बाण वाचतात तेव्हा दोन्ही अर्थ डोक्यात एकदमच जागे होतात. नोडमधील पत्त्याच्या खान्याला आपण "नंतरचा" म्हणू या, म्हणजे निदान या धाग्यात तरी घोटाळा होणार नाही.

पांदणवाट (धागाकर्ता)

ताई, मनापासून आभार. दोन महिने शिकवूनही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आमच्या वर्गातील एक मुलगी दर वेळी बाण उलट काढत असे आणि मी ते तिचे दुर्लक्ष समजत होतो. आता कळते की ती आवारातील बाण बरोबर काढत होती आणि पुस्तकातील बाणच दुसरीकडे तोंड करून होते. येत्या शनिवारी तिला हे आवर्जून सांगेन. यापुढे "नंतरचा" हाच शब्द.

कपाशीचं बोंड

सर, मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दारव्ह्याजवळच्या गावातून रोज एसटीने महाविद्यालयात जातो. आपण सांगितल्याप्रमाणे १०, २०, ४० अशी यादी तयार केली आणि २० नंतर ३० घातला. प्रोग्राम कोणतीही चूक न दाखवता चालतो, पण छापताना १०, २०, ३०, ३०, ३०, ३० असे छापतच राहतो, थांबत नाही. चाळीस कोठे गेला हेही कळत नाही. मी दोन्ही ओळी लिहिल्या आहेत, फक्त त्या अशा आहेत:

चालू.नंतरचा = नवा
नवा.नंतरचा = चालू.नंतरचा

दोन्ही ओळी तर त्याच आहेत. क्रमाने एवढा फरक काहून पडावा?

पांदणवाट (धागाकर्ता)

फार चांगला प्रश्न विचारलास. आता वही काढ आणि मी लिहितो तसे पत्ते लिहीत जा, कारण हे डोळ्यांनी वाचून कळत नाही, हाताने लिहूनच कळते. समज, १० चा नोड ५००० वर, २० चा ७२३२ वर, ४० चा ५०९६ वर आणि नवा ३० चा नोड ६१४४ वर आहे. "चालू" म्हणजे ७२३२. सुरुवातीला ७२३२ च्या "नंतरचा" या खान्यात ५०९६ लिहिलेले आहे. चाळीसचा पत्ता साऱ्या यादीत या एकाच ठिकाणी नोंदलेला आहे, हे नीट पाहून ठेव.

तुझी पहिली ओळ चालली. ७२३२ च्या खान्यातील ५०९६ खोडले गेले आणि तेथे ६१४४ आले. त्या क्षणी चाळीसचा पत्ता जगात कोठेच उरला नाही. नोड मेमरीत आहे, त्यात चाळीस हा आकडाही शाबूत आहे, पण तेथे जाण्याची वाट तू स्वतःच्या हाताने पुसून टाकलीस. आता दुसरी ओळ: "चालू.नंतरचा" वाचले तर काय मिळते? ६१४४, म्हणजे तो नवा नोडच. तो पत्ता नव्याच्या खान्यात गेला. आता तीसच्या नंतर कोण? तीस. त्याच्या नंतर? पुन्हा तीस. छापणारा लूप नल भेटेपर्यंत चालतो आणि नल तर चाळीसच्या नोडमध्ये होता, म्हणून तो थांबत नाही.

ओळींचा क्रम उलटा कर. आधी नव्याला चाळीसचा पत्ता देऊन ठेव, मग वीसचा जुना पत्ता खोड. विहिरीत उतरताना खालची पायरी पायाला लागेपर्यंत आपण वरचा दोर सोडत नाही, तसेच येथेही जुना पत्ता सुरक्षित हाती आल्याखेरीज तो खोडायचा नाही. मी वर्गात या एका उदाहरणासाठी पूर्ण तास देतो. खोलीतील शहाबादी फरशीवर खडूने चार चौकोन काढायचे, त्यांत पत्ते लिहायचे, आणि प्रत्येक ओळ वाचली की मुलांनी स्वतः उठून ओल्या फडक्याने जुना पत्ता पुसून नवा लिहायचा. पुसण्याची क्रिया हाताने घडली की पत्ता हरवतो म्हणजे काय होते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. संध्याकाळी वीज गेली तरी या अभ्यासाचे काही अडत नाही.

संत्राबाग

धागा वाचतो आहे, लेखन मनापासूनचे आहे. परंतु एक मूलभूत प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. गावातील मुलांना आज नोकरी हवी आहे. मी वरूडकडचा, गेली काही वर्षे पायथॉनमध्ये माहितीच्या विश्लेषणाचे काम करतो, आणि या काळात मला एकदाही स्वतः लिंक्ड लिस्ट लिहावी लागलेली नाही. पायथॉनमध्ये ज्याला लिस्ट म्हणतात ती तर आतून ॲरेच असते, हेही मुलांना सांगायला हवे, कारण नावावरून हमखास गैरसमज होतो.

दुसरे असे की मध्ये घालणे स्वस्त आहे हे पुस्तकातील वाक्य अर्धेच खरे आहे. दोन पत्ते बदलणे स्वस्त, पण त्या जागेपर्यंत चालत जाणे स्वस्त नाही. सी++ भाषेचे जनक ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी २०१२ मधील एका व्याख्यानात हेच दाखवले होते: क्रमाने लावलेल्या यादीत योग्य जागी आकडे घालण्याच्या कामात घरे सरकवणारा ॲरे लिंक्ड लिस्टला मागे टाकतो, आणि यादी वाढत जाते तसे अंतर कमी न होता वाढतच जाते. असे असताना मुलांचा वेळ येथे का घालवावा?

निंबोणी

दादा, आपले दोन्ही तांत्रिक मुद्दे बरोबर आहेत, आणि त्यामागचे कारण मुलांना आकड्यांत दाखवण्यासारखे आहे. ॲरेमध्ये एक पूर्णांक ४ बाइट घेतो. ६४-बिट संगणकावर लिंक्ड लिस्टच्या नोडमध्ये ४ बाइट आकड्याचे, ४ बाइट जुळवणीसाठी रिकामे आणि ८ बाइट पत्त्याचे, असे १६ बाइट होतात. आणि लिनक्सवर मॅलॉककडे, म्हणजे मेमरी मागण्याच्या सी मधील फंक्शनकडे, १६ बाइट मागितले की ते स्वतःची नोंद धरून सहसा ३२ बाइटचा तुकडा अडवते. ४ बाइटच्या मालासाठी ३२ बाइटचे पोते झाले. शिवाय प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा उचलत नाही, बहुतेक यंत्रांत तो एका वेळी सलग ६४ बाइट उचलतो. ॲरेमध्ये एका खेपेत १६ आकडे येतात. विखुरलेल्या यादीत एका खेपेत एक नोड आला तरी पुष्कळ, आणि त्यातील पत्ता वाचल्याशिवाय पुढची खेप कोठे टाकायची हेही ठरत नाही. कित्येक कोटी आकड्यांची बेरीज करायची असेल तर मीही ॲरेच घेईन.

तरीही आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. ही रचना कोणी आणि का काढली ते पाहा. १९५५-५६ मध्ये अमेरिकेत ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन हे तर्कशास्त्रातील प्रमेये स्वतः सिद्ध करणारा प्रोग्राम लिहीत होते. प्रमेय सिद्ध करताना मधली विधाने किती निघतील आणि प्रत्येक किती लांब असेल, हे आधी सांगणे शक्यच नव्हते, त्यामुळे आधीच मोजून जागा राखणेही शक्य नव्हते. म्हणून त्यांनी आयपीएल (इन्फर्मेशन प्रोसेसिंग लँग्वेज) नावाची भाषा रचली आणि तिचा पायाच अशा याद्यांवर घातला. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूएल आणि शॉ यांच्या लेखात आज आपण फळ्यावर काढतो तसे चौकोन आणि बाण आहेत. न्यूएल आणि सायमन यांना १९७५ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, त्यातही यादी-प्रक्रियेच्या या कामाचा उल्लेख आहे. जेथे किती येणार हे आधी ठाऊक नसते, तेथे ही रचना आजही उपयोगी पडते.

आणि आपण ती रोज वापरतो. गावातल्या सेतू केंद्रात पेनड्राइव्ह घेऊन जातो, त्यावरची फॅट ही फाइलव्यवस्था म्हणजे साखळीच आहे: फाइलचे तुकडे कोठेही पडलेले असतात, आणि एका तक्त्यात प्रत्येक तुकड्यापुढे त्याच्या नंतरच्या तुकड्याचा क्रमांक लिहिलेला असतो. लिहिणे चालू असताना पेनड्राइव्ह ओढून काढला की साखळी अर्धवट राहते, आणि तपासणी केली तर कोणत्याच फाइलला न जोडलेले तुकडे सापडतात. आपल्या विद्यार्थ्याचा हरवलेला चाळीस तो हाच. लिनक्सच्या गाभ्यातही चालू कामांपासून अनेक गोष्टी दुहेरी (आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही पत्ते ठेवणाऱ्या), वर्तुळाकार याद्यांत बांधलेल्या असतात. पायथॉनमधील डेक हा दोन्ही टोकांना घालता-काढता येणारा यादीचा प्रकारसुद्धा आतून ६४-६४ घरांच्या तुकड्यांची दुहेरी साखळी आहे. त्यात ॲरेची सलगता आणि साखळीची लवचीकता दोन्ही साधलेल्या आहेत. आपण तो वापरला असेल, त्याच्या आत काय आहे हे पाहिले नसेल एवढेच.

मुख्य म्हणजे झाड (ट्री), आलेख (ग्राफ), हॅशतक्ता (हॅश टेबल) या पुढच्या रचनांपैकी काहीही शिकायचे तर "एका जागी दुसऱ्या जागेचा पत्ता ठेवणे" ही कल्पना अंगवळणी पडावी लागते. ती शिकण्यासाठी याहून साधी रचना मला माहीत नाही.

संत्राबाग

डेकच्या आत साखळी आहे हे मी खरोखर पाहिले नव्हते. वापरतो मात्र रोज. माझा आक्षेप मी एवढ्यापुरता मर्यादित करतो: मुलांना लिंक्ड लिस्ट शिकवावी, पण ती सर्वत्र वेगवान असते असे शिकवू नये. पत्ता आधीच हातात असेल तरच घालणे-काढणे दोन पावलांचे, ही अट प्रत्येक वेळी सोबत सांगावी.

गावठाण

मी निवृत्त तलाठी आहे. माझी नात अमरावतीला संगणक शिकते आणि तिने हा धागा वाचायला पाठवला. संगणकाचे मला फारसे कळत नाही, पण येथे जे चालले आहे ते मी ३० वर्षे दुसऱ्या रूपात पाहिले आहे, म्हणून लिहितो.

शेताच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस तमक्याचे शेत. म्हणजे प्रत्येक शेताच्या कागदात शेजारच्या शेताची खूण असते, आणि तीही दोन्ही बाजूंची. दोन शेजाऱ्यांच्या मधल्या वावराची भावाभावांत वाटणी होऊन दोन पोटहिस्से पडले, तर पूर्वेकडच्या शेजाऱ्याच्या पश्चिमेला आता वेगळा माणूस येतो, पण पूर्वेकडचा आपल्या जुन्याच कागदावर विसंबून राहतो. पुढे तो शेत विकायला काढतो, जुन्या दस्तावरून चतुःसीमा उतरवून घेतो, आणि मग धुऱ्यावर भांडण पेटते, कारण एका कागदाप्रमाणे शेजारी एक आणि दुसऱ्याप्रमाणे दुसराच. माझ्या नोकरीत अशी भांडणे मी किती पाहिली याची गणती नाही. नात म्हणते की तुमच्याकडेही दोन्ही बाजूंची खूण ठेवणारी यादी असते. तिच्यातही असेच होते काय?

निंबोणी

काका, तंतोतंत असेच होते. त्या रचनेला दुहेरी लिंक्ड लिस्ट म्हणतात, आणि तिच्यातील सर्वांत त्रासदायक चूक हीच, की एका बाजूची खूण बदलली आणि दुसऱ्या बाजूची राहिली. दोन नोडच्या मध्ये नवा नोड घालताना चार खुणा लिहाव्या लागतात: नव्याचा आधीचा, नव्याचा नंतरचा, आधीच्याचा नंतरचा आणि नंतरच्याचा आधीचा. चौथी विसरली तर यादी सुरुवातीकडून वाचताना अगदी बरोबर दिसते, आणि शेवटाकडून वाचू लागलो की नवा नोड गायब होतो. मी पूर्वी एका ठिकाणी काम करत होते तेथे अशी चूक कित्येक महिने कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण उलट दिशेने ती यादी वर्षातून एकदाच वाचली जात असे. तेव्हापासून मी दुहेरी यादी तपासताना नेहमी दोन्ही टोकांकडून छापून पाहते.

पहिला आणि शेवटचा नोड हे अपवाद आणखी त्रास देतात, कारण पहिल्याच्या आधी कोणी नसतो आणि प्रत्येक वेळी "येथे नल तर नाही ना" हे तपासावे लागते. यावर उपाय म्हणून यादीत एक कोरा नोड कायमचा ठेवतात, त्यात माल काहीच नसतो. पहिला नोड त्या कोऱ्याच्या नंतर, शेवटचा त्याच्या आधी. मग प्रत्येक खऱ्या नोडला दोन्ही बाजूंना शेजारी असतोच आणि अपवादच उरत नाही. पोळ्याला तोरण आधी बांधलेले असते, मग बैल एक असो की पन्नास, उभे कोठे राहायचे हा प्रश्न पडत नाही. कोरा नोड तसाच आधीपासून जागेवर असतो.

पांदणवाट (धागाकर्ता)

काका, चतुःसीमेचे उदाहरण मी वर्गात वापरणार आहे. आमच्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी तरी असा वाद होऊन गेला आहे, त्यामुळे त्यांना चार खुणांचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही.

निंबोणीताईंनी बाणांची दिशा दाखवली तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळत होती. आवारातील साखळी शेवटच्याकडून पहिल्याकडे जाते आणि काट्यावर पहिल्याकडून शेवटच्याकडे हवी आहे. म्हणजे परीक्षेत हमखास येणारा "यादी उलटी करा" हा प्रश्न आवारात रोज प्रत्यक्ष पडतो. तो कसा सोडवायचा ते लिहितो. तीन खुणा लागतात: मागे राहिलेला, चालू आणि जपलेला. सुरुवातीला मागे राहिलेला नल असतो आणि चालू म्हणजे हेड. चालू नल होईपर्यंत या चार ओळी फिरवायच्या:

जपलेला = चालू.नंतरचा
चालू.नंतरचा = मागे_राहिलेला
मागे_राहिलेला = चालू
चालू = जपलेला

शेवटी हेड म्हणजे मागे_राहिलेला. पहिली ओळ का लागते हे आता वर "३०, ३०, ३०" पाहिलेल्या प्रत्येकाला आपोआप कळावे. एकही नवा नोड तयार होत नाही, एकाही नोडची जागा बदलत नाही, फक्त बाणांची तोंडे फिरतात, आणि हजार नोड असले तरी हजार पावलांत काम होते.

कपाशीचं बोंड

सर, आधीचा प्रोग्राम दुरुस्त झाला. १०, २०, ३०, ४० असे छापून थांबतो. उलट करण्याच्या चार ओळीही वहीत पत्ते लिहून तपासल्या, आणि चालवल्यावर ४०, ३०, २०, १० आले. हे सर्व एसटीत बसून वहीवर केले, घरी येऊन फक्त टाइप केले.

आता एक शंका. शेवटी मी सर्व नोड फ्री करण्यासाठी, म्हणजे त्यांची मेमरी परत देण्यासाठी, लूप लिहिला: चालूला फ्री करायचे आणि मग चालू = चालू.नंतरचा. माझ्या संगणकावर तो चालतो. मित्राच्या संगणकावर मात्र प्रोग्राम मध्येच बंद पडतो. त्याच्या संगणकात दोष असावा काय?

निंबोणी

संगणक दोघांचेही चांगले आहेत. फ्री केल्यानंतर तो नोड तुझा राहत नाही. त्यातील पत्ता अजून तसाच असेल किंवा त्यावर दुसरे काही लिहिले गेले असेल, आणि यातले काय घडेल याची सी भाषा कोणतीही हमी देत नाही. तुझ्याकडे तो योगायोगाने शाबूत राहिला. अशी चूक शिकताना सापडली हे बरे झाले, कारण कामाच्या ठिकाणी ती मागणी वाढलेल्या दिवशीच डोके वर काढते. यादी उलटी करताना जी पहिली ओळ लिहिलीस तीच येथेही आधी लिही: जपलेला = चालू.नंतरचा. त्यानंतर चालूला फ्री कर आणि मग चालू = जपलेला. मित्राच्या संगणकावर पुन्हा चालवून काय होते ते येथे कळव.

कपाशीचं बोंड

ताई, दोन्हीकडे चालला. मित्राचा संगणक जुना आहे, त्यावरही. आता दुहेरी यादी करतो आहे, काकांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक नोडला आधीचा आणि नंतरचा असे दोन खाने ठेवून, आणि तपासताना दोन्ही टोकांकडून छापून.